वारा बदलला का? वावधन, समुद्र आणि तुमच्या आठवणी (अनुभव धागा)

दारव्ह्याचा मास्तर

परवा संध्याकाळी साडेपाचला वावधन, म्हणजे सोसाट्याचं वादळी वारं, सुटलं. पंधरा मिनिटं असेल. शेजारच्या काकाजींच्या गोठ्याची तीन टिनं उडून आमच्या निंबाच्या झाडात अडकली. टिनावर टिन घासायचा तो आवाज आला आणि मी अंगणात उभाच राहिलो. बायको आतून ओरडून राहिली, तरी पाय हलेना.

हा आवाज मी ३ जून २०२० ला दुपारभर ऐकला आहे. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बारा वर्षं होतो. शाळा बंद, गाड्या बंद, म्हणून मी तिथंच. निसर्ग वादळ वर श्रीवर्धनकडे किनाऱ्याला लागलं, पण आमच्याकडेही वारा आधी दक्षिणेचा, मग फिरत फिरत समुद्राकडून. सुपारीची झाडं मधूनच मोडली. आंबे मुळासकट पडले. घरांवरची कौलं पत्त्यांसारखी उडाली.

त्याआधी ११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. मी नवीनच लागलेलो. गावातल्या काही होड्या बाहेर होत्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील दोन दिवसांनी परत आले. ते दोन दिवस ती घरी थांबली नाही, शाळेत येऊन बसायची. मी शिकवायचो, ती खिडकीतून समुद्राकडे पाहायची. मी तिला एकदाही टोकलं नाही.

तिथं शेजारी एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. ते म्हणायचे, "गुरुजी, मोठा वारा आधीपण होता. पण तो सांगून यायचा." पहाटे जमिनीकडून मतलई सुटायची, तिच्यावर होडी बाहेर. दुपारून समुद्राचा वारा, त्याच्यावर घरी. पावसाळ्यात होडी वर, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात. आता वादळ मेमध्येही येतं आणि दिवाळी झाल्यावरही.

आपल्या गावात वाऱ्याचं काय बदललं? आणि कोकण, मुंबई, आंध्र, ओडिशात ज्यांनी दिवस काढले त्यांनीही लिहा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलं तर फारच चांगलं.

वरूडचा संत्रावाला

सर टिनं परत लावता येतील. आमच्या बागेत संत्र्याच्या आंबिया बहाराचा सडा पडला. गोटीएवढी फळं. सकाळी बाबा गेले आणि झाडाखाली बसूनच राहिले, बोलले नाहीत.

चिखलीवाला

सर निसर्ग आमच्याकडंही आलं होतं! ४ जूनला. तोवर दम संपला होता त्याचा, नुसतं ढगाळ आणि पाऊस. आम्ही काय खूश झालो होतो, जूनच्या सुरुवातीलाच पाणी. तेच वादळ तुमच्याकडं कौलं उडवून आलं, हे आज तुमचं वाचून डोक्यात बसलं. कसंतरीच वाटलं राजेहो.

दारव्ह्याचा मास्तर

@चिखलीवाला, कसंतरी वाटून घेऊ नका भाऊ. पावसावर खूश होणं हा आपला हक्कच आहे.

@वरूडचा संत्रावाला, बाबांना एकटं सोडू नका दोन दिवस.

वर्ध्याची काकू

मले वारा म्हटलं की उफणणी आठवते. फागुन-चैतात दुपारून वारा ठरलेला यायचा. सासूबाई तिव्यावर (तीन पायांच्या उंच घडवंचीवर) उभ्या राहायच्या, मी खालून टोपली द्यायची. दाणे खाली, कुटार पलीकडं. वारा पडला तं खळ्यावरच बसून राहायचं, सासूबाई शिट्टी वाजवायच्या वाऱ्याले बोलवाले. कधी कधी रातच्या वाऱ्यावरही उफणलं, चांदण्यात.

आता हार्वेस्टर येते, तासाभरात पोते बांधून मोकळे. तो दुपारचा वारा अजून येते का नाही येत, कोण पाहून राहिलं? मीच नाही सांगू शकत. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्याच्याकडं लक्षच नाही राहिलं.

ट्रक लाईन

हुदहुद वादळ. १२ ऑक्टोबर २०१४. संत्रा भरून विशाखापट्टणमच्या अलीकडं होतो. ढाब्यावाल्यानं सांगितलं पुढं जाऊ नका, गाडी भिंतीच्या आडोशाला घ्या. भरलेली गाडी पाळण्यासारखी हालत होती, मी आणि क्लीनर खाली बसून. वारा मध्येच बंद झाला म्हणून क्लीनर निघाला उठून, ढाब्यावाल्यानं हात धरून बसवला. अर्ध्या तासात उलट्या बाजूनं आला. त्या माणसाचं नाव नाही माहीत, पण दर दिवाळीला आठवतो. माल पूर्ण नासला, जीव राहिला.

चिखलीवाला

@ट्रक लाईन बापरे. मधात शांत होते म्हणजे वादळाचा डोळा तुमच्यावरूनच गेला भाऊ.

हिंगणघाटची सून

माझं माहेर अलिबागजवळ. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्या मे महिन्यात रडले होते. घामच येत नाही आणि वारा अंगाला भाजतो, हे माहीतच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या ही झाव आहे, कांदा जवळ ठेव. निसर्गच्या वेळी आईचा फोन तीन दिवस लागला नाही. इथे सगळ्यांनी जेवण सोडलं होतं माझ्यासोबत, ते मी विसरणार नाही. आमच्या वाडीत आजोबांच्या हातच्या सुपाऱ्या होत्या. आता नवीन लावल्या आहेत, फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात.

वर्ध्याची काकू

सून बाई, आई बरी आहे ना आता?

हिंगणघाटची सून

हो काकू, बरी आहे. दर महिन्याला सुकट पाठवते 😊

ट्रक लाईन

सुकट कशी बनवता ताई? आमच्या घरी वास येते म्हणून करत नाहीत.

हिंगणघाटची सून

आधी कोरडी भाजून घ्या भाऊ, मग धुवा. भरपूर कांदा, कोकम. वास जातो.

निवृत्त वेधशाळा, अकोला

मी बरीच वर्षं शेतीच्या वेधशाळेत वारा मोजला. लिहिणं लांबेल, क्षमा असावी.

वाऱ्याचं यंत्र उंचावर, मोकळ्या जागेत लागतं. आमच्या कुंपणालगत सुबाभूळ वाढली, पलीकडे इमारत उठली, आणि नोंदवहीत वारा दर साली कमी होत गेला. तो खरंच कमी झाला की झाडाआड गेला, हे वेगळं काढणं फार कठीण. त्या वह्या मी अजून मनात चाळतो. जगभरच्या जमिनीवरच्या नोंदींत १९८० च्या आसपासपासून सरासरी वारा मंदावत गेला आणि २०१० नंतर पुन्हा वाढू लागला, असं दिसतं.

पण सरासरी वेगळी, झोत वेगळा. रोजचा वारा मंदावूनही एखादं वादळ घर नेऊ शकतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा टिन हलवतो, १२० चा उपटून नेतो.

तांडेल आजोबा म्हणाले त्याला आकड्याचा आधार आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. समुद्राचं पाणी तापलं, वादळाला तीच खुराक. एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच झाली. त्यातली क्यार आणि महा ऑक्टोबरच्या शेवटी. त्याच दिवसांत आपल्याकडं सोयाबीनच्या गंजीला कोंब आले होते, आठवत असेल.

आपलं वावधन मात्र वेगळं. ते एकाच ढगातून खाली कोसळलेली थंड हवा असते, दहा-वीस मिनिटांत आटोपते. किनाऱ्यावरचं वादळ शेकडो किलोमीटरचं, तासन् तास चालतं. दोन्हींची एकत्र मोजणी करू नये, एवढी विनंती.

वरूडचा संत्रावाला

सोयाबीनचे कोंब नका आठवू सर. त्या साली बहिणीचं लग्न पुढं ढकललं.

टिनवाला मिस्त्री, पुसद

एक हात जोडून सांगतो. टिनावर दगड, टायर ठेवू नका. वारा आला की दगड आधी उडते आणि माणसाले लागते. हूक बोल्ट मारा, वायसर घट्ट, कडेच्या ओळीत दुप्पट बोल्ट, कारण टिन कडेपासूनच उचलते. मागच्या साली आमच्या गल्लीत लेकराच्या डोक्यात दगड पडला. वाचलं, पण बारा टाके.

वर्ध्याची काकू

आमच्या गोठ्यावर दगडच हायेत. उद्याच काढाले लावतो पोराले.

चिखलीवाला

मिस्त्रीभाऊ, बुलढाण्यात येता का कामाले?

दारव्ह्याचा मास्तर

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, दोनदा वाचून काढलं. वेधशाळेच्या सरांचं मुलांना वाचून दाखवणार आहे.

आज दापोलीकडे फोन लावला. तांडेल आजोबा आहेत, ऐकू कमी येतं. नातवानं सांगितलं, मासेमारीची बंदी १ जूनला लागते, पण आजोबांनी होडी आताच वर ओढायला लावली. ती शाळेत येऊन बसणारी मुलगी आता नर्स आहे. तिचे वडील अजून समुद्रावर जातात.

निंबातली टिनं काढली. दोन धड आहेत, एक वाकलं.

टिनवाला मिस्त्री, पुसद

वाकलेलं फेकू नका सर. सपाट करून कोंबड्यांच्या खुराड्याले चालते.