जेवताना घाम येणं : तुमचे अनुभव लिहा

परवा लग्नात समोरच्या पंगतीतले एक काका कढीभात खाताना सारखं कपाळ पुसत होते. बाजूची पोरं हसत होती. मला बाबा आठवले. साधा दहीभात खाल्ला तरी डोक्यापासून मानेपर्यंत ओले व्हायचे, भर डिसेंबरात. पाय मात्र कोरडे, टाचांना भेगा. आई ताटाजवळ पंचा ठेवायची. शुगर जुनी होती, पण घामाचा तिच्याशी संबंध असेल हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरात कुणालाच सुचलं नाही. जुन्या मधुमेहात घामावर ताबा ठेवणाऱ्या नसा बिघडतात म्हणाले. किडनीची तपासणीही करायला लावली. तुमच्या घरी कुणाला असं होतं का?

संत्रावाली
सावजी खाल्ल्यावर येतो तो?

महालकर
तो नाही ताई. तिखटाने सगळ्यांनाच येतो, मिरचीतलं कॅप्सेसिन शरीराला गरम झाल्याचा भास देते. श्रीखंड खातानाही घाम फुटत असेल तर दाखवा.

वऱ्हाडी_मानूस
माह्या मोठ्या भावाले हेच होते. लोकं म्हणत, वजन कमी कर. पंगतीत जेवाले बसणंच सोडलं त्यानं. लय वाईट वाटे. आता ग्लायकोपायरोलेटची गोळी चालू हाये, फरक हाये, पन तोंड कोरडं पडते.

रेणू_सक्करदरा
सासूबाईंना जेवणाआधी येतो. इन्सुलिन घेतलं आणि ताट वाढायला उशीर झाला की थंडगार घाम, हात थरथर. मीटरवर ७० च्या खाली. लगेच साखरपाणी देते. कुकर झाला, येते नंतर

महालकर
रेणूताई, ती शुगर उतरल्याची खूण. डोसचं डॉक्टरांशी बोलून घ्या, वारंवार होऊ देऊ नका.

चिंचगोळी
मामीला एकाच गालावर यायचा! शुगर नॉर्मल. कानापुढच्या लाळग्रंथीचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर सुरू झालं. फ्रे सिंड्रोम म्हणतात. कैरी नुसती दिसली तरी गाल लाल.

संत्रावाली
बाप रे, कैरीवरून आठवलं, सावजी मसाल्याचं दगडफूल इतवारीत चांगलं कुठं मिळते?

चिंचगोळी
व्यनि (खाजगी निरोप) करते. खसखसही तिथूनच घे.

नवीन_इथे
आईला वरणभात खातानाही येतो, उठली की चक्करही येते. शुगर कधी तपासलीच नाही. घामावरून मधुमेह ठरतो का?

महालकर
नुसत्या घामावरून नाही. थायरॉईड असू शकतो, पाळी जाण्याचं वय असू शकतं. उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात, पक्कं करायला पुन्हा तपासतात. चक्कर येते हेही आवर्जून सांगा, बसून आणि उभं करून बीपी बघतील.

नवीन_इथे
उद्या सकाळी चहाच्या आधीच नेते तिला.