ऑफिसचं जुनं मशीन, १८ हजार रुपये आणि ग्राफिक्स कार्ड

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. मी महापे एमआयडीसीत एका लॅबमध्ये काम करते. माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी जूनमध्ये नोकरीसाठी चिपळूणला गेला. लहानपणी आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर गाड्यांचे गेम खेळायचो, बाणांची बटणं त्याची आणि डावीकडची माझी. आता फोनवर ‘जेवलास का’च्या पुढे बोलणं जात नाही. दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर रात्री दोनपर्यंत ‘इट टेक्स टू’ खेळलो, आणि खेळता खेळता त्याने मला वर्षभरातलं सगळं सांगून टाकलं. हा गेम दोघांशिवाय सुरूच होत नाही, आणि एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो. म्हणून मला घरी गेम चालणारा पीसी हवाय.

आमच्या ऑफिसने जुनी मशिन्स काढली, त्यातलं एक मी ९ हजारांना घेतलं. उभा टॉवर, आय-फाइव्ह ७५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. मॉनिटर घरातलाच, निळ्या पिनेचा. गेमचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी बोनसचे १८ हजार बाजूला ठेवलेत, त्यावर एक रुपया नाही. हा गेम, रॉकेट लीग, जीटीए फाइव्ह आणि कधीतरी फोर्झा होरायझन ५ चाललं की झालं. १०८०पी, मीडियम सेटिंग.

एका दुकानदाराने सेकंड हँड आरएक्स ५८० कार्ड दाखवलं. म्हणाला, ‘मॅडम, ८ जीबी मेमरी आहे, नवीन ६ जीबीवाल्यापेक्षा भारी आणि निम्म्याहून कमी पैशात.’ घेऊ का?

कळवा_नाका

डोळे झाकून घ्या. माझं ५८० चार वर्षं मस्त चाललंय, जीटीए हायवर खेळतो.

नौपाडा_रिपेअर

ताई, थांबा. कळव्याच्या दादांचं खोटं नाही, पण त्यांच्याकडे साधा असेंबल केलेला पीसी असणार. तुमचं ब्रँडेड ऑफिस मशीन आहे. वीस वर्षं हीच मशिन्स उघडतोय, म्हणून कळकळीने सांगतो: कार्ड कुठलं घ्यायचं ते तुमचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा ठरवणार, जीबीचा आकडा नाही.

आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट मागतं आणि त्याला वरून वेगळी पॉवर केबल लागते. ऑफिस मशीनच्या एसएमपीएसला बहुतेक वेळा ती केबलच नसते. मग दुकानदार साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीवरून कन्व्हर्टर लावून देतो. साटाच्या पिना १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच्या, आणि कार्डाचं सहा पिनांचं तोंड ७५ वॅटचं. मागच्या पावसाळ्यात पाचपाखाडीतला एक मुलगा असंच मशीन घेऊन आला होता. साटाचं काळं प्लास्टिक वितळून पिनेला मधासारखं चिकटलं होतं. नशिबाने तो घरी होता, वास आला आणि त्याने मेन स्विच बंद केला.

मोठा एसएमपीएस टाकू म्हणाल तर तोही प्रश्न आहे. बऱ्याच ब्रँडेड मदरबोर्डांवर नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो, आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो.

शिवाय इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते कमावणं, सप्टेंबर २०२२मध्ये बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांत ५८० भरपूर. २०४८ एसपी नावाचं एक ५८० मिळतं, ते खऱ्या ५८०पेक्षा कमी ताकदीचं, कारण खऱ्यात एसपी, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, २३०४ असतात. खोक्यावर दोन्हीकडे ५८०च लिहिलेलं.

आज रात्री मशीनची वायर काढा, झाकण उघडा आणि तीन गोष्टी सांगा. एसएमपीएसच्या स्टिकरवर किती वॅट, सहा किंवा आठ पिनांची मोकळी केबल आहे का, आणि कार्ड बसतं त्या लांब स्लॉटपासून पुढे किती इंच जागा आहे. तोवर पैसे खिशात ठेवा.

घणसोलीकर

काका, उघडलं. आत एवढी धूळ होती की आधी आईचा रंगाचा ब्रश घेऊन बसले. स्टिकरवर २४० वॅट आहे. मोकळी अशी एकच केबल, ती चपटी साटाची. बोर्डात जाणारा मुख्य कनेक्टर छोटासा, २४ पिनांचा अजिबात नाही. शिवणाच्या टेपने मोजलं, साडेनऊ इंच जागा आहे.

खरं सांगते, त्या दुकानदाराने मशीन कुठलं हे विचारलंसुद्धा नव्हतं. मी उद्या पैसे देणार होते.

नौपाडा_रिपेअर

मग चित्र स्पष्ट आहे. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत मिळतात, त्यातच भागवणारं कार्ड हवं.

आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, पण ते चारच लेनवर, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या वाटांवर चालतं. तुमच्या बोर्डाचा स्लॉट पीसीआय जेन ३चा, तिसऱ्या पिढीचा, म्हणजे जेन ४च्या मानाने रस्ता अर्धा. त्यात कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. ६५०० एक्सटीचंही तेच, आणि त्याला वरून पॉवर लागते. इंटेलचं ए३८० तुमच्या बोर्डासाठी नाहीच, त्याला रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते. १०५० टीआय कोणी गळ्यात मारेल, पण त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ऑक्टोबर २०२५पासून बंद झालेत.

राहिली दोन. जीटीएक्स १६५०, ७५ वॅट, ४ जीबी. पण याच्या काही मॉडेलना सहा पिना असतात, तेव्हा कार्डाची कड बघून घ्या. आणि आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं, ७० वॅट, वरून पॉवर नको. ८ जीबीवालं ३०५० वेगळं, ते १३० वॅटचं. नाव सारखंच आहे, बिलावर ‘६ जीबी’ लिहून घ्या. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड ७०, बाकीचं धरून २४०मध्ये आरामात बसतं.

मी तुमच्या जागी ३०५० ६ जीबी घेतलं असतं, एका पंख्याचं, नवं, वॉरंटीसकट.

कळवा_नाका

काका बरोबर आहेत. ताई, मी मशीन न विचारताच ‘घ्या’ म्हटलं, माफ करा.

सेक्टर_१७_वाशी

ताई, मॉनिटरचं कोणी बोललं नाही. या कार्डांना निळ्या पिनेचा पोर्ट नसतो. डीव्हीआय नावाचा दुसरा पोर्ट असला तरी तो डिजिटल, नुसती पिन बदलणारा जोड लावून चित्र येणार नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए, म्हणजे तुमची निळी पिन, करणारा कन्व्हर्टर घ्या. आणि कार्ड बसवल्यावर केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नाही. माझ्या मित्राने आठवडाभर बोर्डाला लावून खेळलं आणि कार्ड खराब म्हणून परत करायला निघाला होता.

दुसरं, ८ जीबी रॅम एकाच स्टिकची असेल तर तसलीच आणखी एक टाका. रॅमचे भाव सध्या चढलेत, तेव्हा डीडीआर४ सेकंड हँड बघा. रॅमला मायनिंगची भीती नाही. आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. गेम चालतील, बँकेचे व्यवहार मात्र फोनवरच करा.

घणसोलीकर

कळवते. परवा अर्धी सुट्टी टाकून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरले. चौथ्यात ३०५० ६ जीबी १७,४०० ला मिळालं, जीएसटीच्या बिलासकट, आणि बिलावर ६ जीबी लिहून घेतलं. कन्व्हर्टर चारशेचा. येताना ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली, गर्दीत खोकं पोटाशी धरून उभी होते.

बसवताना स्लॉटची छोटी खिटी ‘टक’ वाजेपर्यंत दाबायला धीर होत नव्हता. आईने टॉर्च धरला. पहिल्यांदा चित्रच आलं नाही, हात थंड पडले. मग वाशीच्या दादांचं आठवलं: केबल सवयीने बोर्डालाच लावली होती.

जीटीए मीडियमवर सेकंदाला ६० फ्रेमच्या वर, कार्ड ६६ अंशांवर, पंख्याचा आवाज टीव्हीखाली दबतो. काका, एसएमपीएसला तासाभराने हात लावून बघितला, कोमट आहे, एवढं चालतं ना? रॅम पुढच्या पगाराला.

भावाला अजून सांगितलं नव्हतं. काल रात्री त्याला गेमचं आमंत्रण पाठवलं. त्याचा लगेच फोन आला, ‘ताई, तू कुठून ऑनलाइन आलीस?’

नौपाडा_रिपेअर

कोमट चालतं. महिन्यातून एकदा त्या ब्रशने पुढची जाळी साफ करा. घणसोलीची धूळ वाईट.