व्हिएतनाममध्ये फो सोडून काय खावं?

भटक्या_धरमपेठ: जानेवारीत हनोई आणि होई आनचा बेत ठरलाय. मी अन् बायको चिकन, मासे, अंडी खातो, बीफ-पोर्क नाही. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. जो तो ‘फो खा’ (रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया) एवढंच सांगतो. बाकीचं नावानिशी सांगाल का?

तर्रीवाला_सदर: भाऊ, सावजीची सवय घेऊन गेलात तर पहिल्या दिवशी सगळं फिक्कं लागेल. तिथली चव रश्श्यात अन् हिरव्या पाल्यात असते, तर्री शोधत बसू नका.

फो खाच, पण ‘फो गा’ मागा, तो चिकनचा. ‘फो बो’ म्हणजे बीफ. भाजलेलं आलं-कांदा अन् अख्खे मसाले उकळून गाळून टाकलेले, त्यात वाटण नसतं. सकाळी खा, तिथे तो नाश्त्याला खूप खातात.

हनोईत माझ्या मते पहिला नंबर ‘चा का’चा. हळद लावलेल्या माशाचे तुकडे टेबलावरच छोट्या शेगडीवर ठेवतात. तेल तडतडलं की त्यात शेपू अन् कांद्याची पात मूठमूठ टाकतात. पाला जरा बसला की लगेच तांदळाच्या शेवयांवर घ्यायचं, वरून शेंगदाणे. घरी शेपू म्हटलं की मी ताटावरून उठतो, तिथे आणखी मागून खाल्ला. सोबत ‘माम तोम’ नावाची कोळंबीची जांभळट चटणी येते. वास लय उग्र, झेपत नसेल तर फिश सॉस मागा.

होई आनला ‘बान्ह सेओ’: तांदळाच्या पिठाचं हळद घातलेलं कुरकुरीत धिरडं. तुकडा तोडून हिरव्या पानांत गुंडाळायचा, चटणीत बुडवायचा. आत कोळंबीसोबत पोर्क असतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. तिथलं ‘काओ लाऊ’ (जाड शेवयांचा पदार्थ) फार नावाजलेलं आहे, पण ते पोर्कचंच. तुमच्या कामाचं नाही.

शेवंती_धंतोली: काकूंसाठी सांगते. नुसती भाजी मागवली तरी तिच्यात फिश सॉस असू शकतो. तो अँकोव्ही मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून करतात. त्यामुळे ‘क्वान चाय’ पाटी असलेलं दुकान शोधा, ती बौद्ध पद्धतीची शाकाहारी खानावळ. टोफू, मशरूम, भात, सूप सगळं मिळतं. तरी अंड्याचं वेगळं विचाराच. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी तिथे गर्दी असते. गोडात ‘चे’ द्या, मूग अन् नारळाच्या दुधाचं मिळतं.

भटक्या_धरमपेठ: वा, आईचं काम झालं! अन् ती अंड्याची कॉफी? बायको नाक मुरडतेय.

तर्रीवाला_सदर: वहिनींना एक घोट तरी घेऊ द्या नं. १९४६ च्या सुमारास हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा एका हॉटेल कर्मचाऱ्याने अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, तेव्हापासूनची ही. आता कंडेन्स्ड मिल्कही घालतात. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. गप्पा मारत बसू नका, गार झाली की अंड्याचा वास येतो.