प्रतिसाद: भेगा कुठल्या दिशेला, ते लहरीच सांगतात
वर एकांनी विचारलंय, खडकातून जाणाऱ्या भूकंपीय लहरींचा वेग दिशेनुसार बदलला तर तेलवाल्यांना त्याचं काय? बरंच काही! आपल्याकडे शिरोळच्या उसात सरीतून झपाझप चालता येतं, आडवं शिरलं की अडखळायला होतं. उभ्या समांतर भेगांच्या खडकात पी-लहरींचं (आवाजासारख्या, पुढेमागे कंपत जाणाऱ्या) तसंच.

एस-लहर (जायच्या दिशेला आडवी कंपणारी) त्याहून कामाची. अशा खडकात तिचे दोन भाग पडतात. भेगांना समांतर कंप पावणारा आधी पोचतो, दुसरा रेंगाळतो. पहिल्याच्या कंपनावरून भेगांची दिशा कळते, दोघांतल्या उशिरावरून दाटीचा अंदाज येतो. मग आडवी विहीर भेगांना छेदत न्यायची.

शेलची, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाची, गोष्ट वेगळी. तिथे आडवा वेग उभ्यापेक्षा जास्त. हे धरलं नाही तर थराची खोलीच चुकते. दिशेनुसार वेग किती बदलतो ते मांडणारी, भूभौतिकशास्त्रज्ञ थॉमसन यांची १९८६ची एप्सिलॉन, डेल्टा, गॅमा ही परिमाणं त्यासाठीच वापरतात.

आणि हो, गुजरातेत पादऱ्याला दख्खनच्या बसाल्टमधूनच, भेगांतून तेल निघतं. म्हणून लगेच पन्हाळ्यावर रिग आणू नका, पादऱ्याला तेल पिकवणारा कॅम्बे शेल शेजारी आहे.