मदत हवी आहे : शिडाच्या छोट्या बोटीचे कागदावरचे आकडे आणि पाण्यातली चाल जुळत नाही

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, नोकरी मकरपुऱ्यात. दांडिया बाजारात राहून हा शिडाच्या बोटीबद्दल काय विचारतोय म्हणून हसू नका. द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडांचंच होतं आणि बिलिमोऱ्याला त्यांचं आरमारही होतं. असो, मुद्द्यावर येतो.

मुंबईचा माझा मावसभाऊ एक जुनी २३ फुटी क्रूझर घेतोय आणि निम्मा वाटा मी उचलावा म्हणून मागे लागलाय. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायची बोट आहे, चौघं कशीबशी झोपतील एवढी केबिन, मागे आउटबोर्ड इंजिन. शर्यती कुणालाच करायच्या नाहीत. मांडवा, फार तर मुरूडपर्यंत मजल. पण पैसे मोजण्याआधी ही बोट चालते कशी, हे मला कळायला हवं.

कागदांप्रमाणे पाणरेषेवरची लांबी २० फूट, वजन ३,८४० पौंड म्हणजे सुमारे १,७४० किलो, मेन (मोठं शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) मिळून शीड २४० चौरस फूट. लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की ६ नॉट (तासाला ६ सागरी मैल) येतात, तो हलचा वेग, म्हणजे बोटीच्या धडाला सहसा ओलांडता न येणारा वेग. नेहमीच्या सूत्रांनी शीड आणि वजनाचं गुणोत्तर १५.७ आलं, वजन आणि लांबीचं २१४. वाचलं त्यावरून ही मधली बोट, ना मठ्ठ ना चपळ. इथवर ठीक.

मे महिन्यात आम्ही ती चालवून पाहिली. गेटवेसमोरून बंदराच्या तोंडाकडे निघालो. वारा नेमका समोरून, १० नॉटच्या आसपास, आणि भरती चढत होती. टॅक घेत घेत, म्हणजे वाऱ्याला एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने तिरकं कापत वर जायचं होतं. मोबाइलवर जीपीएस चालू ठेवला होता. वेग सव्वातीन नॉट दिसत होता, त्याचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर नकाशावरची रेघ पाहिली आणि चाट पडलो. एका टॅकपासून दुसऱ्या टॅकपर्यंतचा कोन जवळजवळ १४० अंश! पुस्तकं ९० ते १०० सांगतात. तासभर दोऱ्या ओढून आम्ही वारा येतो त्या दिशेने जेमतेम एक सागरी मैल चढलो होतो. परतीला वारा पाठीमागून आला, थोडा वाढलाही होता, तर जीपीएस ६ च्या वर गेला. म्हणजे हलच्या वेगाच्याही पुढे? तेही डुगूडुगू चालल्यासारखं वाटत असताना?

मावसभाऊ म्हणतो शिडं जुनी आहेत, नवी शिवून घेऊ. विकणारे गृहस्थ म्हणतात बोटीत खोट नाही, तुम्हालाच हाकता येत नाही. पावसाळ्यासाठी बोट आता वर काढलीये आणि निर्णय मला याच महिन्यात द्यायचाय. दोष कुणाचा धरायचा? आणि या गुणोत्तरांना काही अर्थ असतो का?

प्रतिसाद – खारा_वारा

दोष भरतीचा, आणि थोडा जीपीएसचा. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने बोलतो, बोट पाण्याच्या हिशेबाने चालते.

हिशेब करून बघा. समजा बोट पाण्यातून ४ नॉटने चालली आहे आणि वाऱ्याने बाजूला ढकललं जाणं धरून वाऱ्यापासून ५० अंशांवर जातेय. अशा बोटीला हे अगदी रास्त आहे. मग वारा येतो त्या दिशेने तिची चाल २.५७ नॉट आणि आडवी ३.०६. आता दीड नॉटची भरती थेट समोरून आत येतेय. २.५७ मधून दीड गेले, उरले १.०७. आडवी चाल तेवढीच. जमिनीवरचा वेग निघतो ३.२ आणि दोन टॅकमधला कोन १४१ अंश. तुमचेच आकडे आले की नाही?

तीच बोट, तोच वारा, पण ओहोटीबरोबर बाहेर निघाला असतात तर कोन ७४ अंश आणि वेग ५.१ दिसला असता. तेव्हा मावसभाऊंनी ती रेघ फ्रेम करून लावली असती. परतीचे ६ म्हणजे साधारण साडेचार बोटीचे आणि दीड भरतीचे. हलचा वेग कुणी ओलांडलेला नाही.

प्रतिसाद – फणसोपकर

वरचा हिशेब बरोबर आहे, पण विकणाऱ्याला इतक्यात सोडू नका. ३,८४० पौंड हे रिकाम्या बोटीचं वजन. चौघं माणसं, आउटबोर्ड, पेट्रोल, नांगर आणि साखळी, पिण्याचं पाणी, डबे. साडेचारशे किलो सहज होतात. पाणरेषा थोडी लांबते ते सोडून दिलं तर तुमचं १५.७ खाली येऊन १३.४ होतं आणि २१४ चे २७०. म्हणजे तुम्ही चालवलेली बोट कागदावरच्या बोटीपेक्षा बऱ्यापैकी जड होती. गुणोत्तरांना अर्थ आहे, पण दोन बोटींची तुलना करायला. वाऱ्यावर किती चढेल ते त्यातून कळत नाही, ते कील (तळाखालची वजनदार पाती), शिडं आणि तळ ठरवतात.

शिडांबद्दल भावाचं म्हणणं तपासता येतं. वाऱ्यात मेनच्या खाली उताणे झोपा आणि वर फोटो काढा. शिडाचं पोट, म्हणजे सर्वांत फुगीर भाग, डोलकाठीपासून साधारण ४० ते ५० टक्क्यांवर हवं. जुनं डेक्रॉनचं कापड ताणलं की पोट मागे सरकतं, मग बोट कलते जास्त आणि चढते कमी. पण त्याआधी तळ बघा. मुंबईच्या पाण्यात तळाला शेवाळ आणि शिंपल्या भराभर धरतात, नुसता हात फिरवला तरी सोलवटतो. अशा तळावर नवी कोरी शिडं चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

प्रतिसाद – धागाकर्ता

खारा_वारा, आकडे इतके तंतोतंत जुळले की रेघ पुन्हा उघडून बसलो. फणसोपकर काका, तळाचे फोटो मागवले आहेत. दोन शंका. जीपीएस नको तर पाण्यातला वेग मोजायचा कसा? बोटीचा वेग मोजणाऱ्या लॉगचा चक्का जाम आहे. आणि पुढेमागे बोट दहेजला आणता येईल का? बडोद्याहून ते जवळ पडेल.

प्रतिसाद – खारा_वारा

नारळाची करवंटी घ्या. पुढच्या टोकाशी पाण्यात टाका आणि मागच्या टोकाला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. मीटरमधल्या लांबीला सेकंदांनी भागा आणि १.९४ ने गुणा. तुमची बोट ७ मीटर, ३.४ सेकंद लागले तर ४ नॉट. करवंटीही भरतीबरोबरच वाहते, त्यामुळे उत्तर पाण्याच्याच हिशेबाने मिळतं. ऑक्टोबरात बोट उतरली की अष्टमीच्या आसपास भांगाला (भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा) जा, पाणी थांबलेलं असताना दोन्ही टॅक करा आणि रेघ तेव्हाची बघा. ११० अंशांच्या आत आली तर बोट चांगली.

दहेजचा विचार तूर्त सोडा. खंभातच्या आखातात उधाणाला भावनगरकडे पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तिथला प्रवाह तुमच्या बोटीपेक्षा जोरात धावू शकतो. समोरून आला तर शिडं उभी असताना बोट मागे जाईल.

प्रतिसाद – फणसोपकर

करवंटी ऑक्टोबरात, निर्णय या महिन्यात. म्हणून बोट वर आहे तोवर मुंबईला एक चक्कर माराच. कीलचे बोल्ट आतून बघा, गंजाचे ओघळ दिसतात का. कील आणि तळ जुळतात तिथे बाहेरून भेग आहे का तेही. सुकाणू हाताने हलवा, खडखडलं तर किमतीतून पैसे कापून मागा. शिडांचा खर्च भावाच्या वाट्यात टाका, त्यालाच हवीत ती.