बेली डान्सचं फोटोशूट: पट्टा, झालर आणि व्हेल (ओढणी)

कॉस्च्युम ठरलाय, शूटच्या दिवशी काय सांभाळायचं असा प्रश्न होता, म्हणून या काही सूचना.

सकाळपासून सैल कपडे घाला. जीन्सचे किंवा इलॅस्टिकचे वळ लवकर जात नाहीत आणि उघड्या पोटावर लपतही नाहीत. कंबरेचा पट्टा आतून स्कर्टला चार ठिकाणी सेफ्टी पिनांनी अडकवा, नाहीतर दोन-चार हिप ड्रॉपनंतर (कंबर एका बाजूने झटक्यात खाली सोडल्यावर) तो फिरतो. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन टाळा, फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येऊ शकतो. कॉस्च्युमच्या टिकल्यांवर समोरून फ्लॅश पडला की नुसते पांढरे ठिपके उमटतात. मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) बाजूने लावायला सांगा.

शिमी, म्हणजे कंबरेची जलद थरथर, फोटोत दिसतच नाही! दिसते ती पट्ट्याची झालर, आणि ती सगळ्यात जास्त उडते कंबर थांबल्यावर, क्षणभराने. फोटोग्राफरला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बिचारा ठेक्यावर बटण दाबत राहतो.

व्हेल, म्हणजे नाचताना हातात धरायची पातळ ओढणी, आदल्या दिवशी वाफेची इस्त्री करून गुंडाळून न्या, घडी नको. उन्हात ती उडताना टिपायला शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. स्टुडिओच्या फ्लॅशसोबत शटर साधारण १/२०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवता येत नाही. तिथे फ्लॅशचा झोतच हालचाल गोठवतो.

पोझ देताना वजन मागच्या पायावर, कोपर धडापासून सुटं, कॅमेरा बेंबीच्या उंचीवर.