आवडती बंदूक आणि ती हातात देणारी माणसं : तुमचे अनुभव सांगा

कुडाळकडच्या आमच्या घरात माजघराच्या तुळईला ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. खंडेनवमीला आजो ती खाली काढायचा, खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसायचा आणि कोयते, कुदळ, नांगराचा फाळ यांच्या शेजारी पाटावर ठेवून झेंडूचं फूल वाहायचा. गेल्या दसऱ्याला गावी गेले तर पाटावर फाळ होता, कोयते होते, बंदूक नव्हती. आजो वारला. परवाना त्याच्या नावावर होता, म्हणून काकानं ती पोलीस ठाण्यात जमा केली. तुळईवरच्या दोन खुंट्या तशाच आहेत.

ती भरायला वेळ लागायचा, आणि मला त्या भरण्याचंच वेड होतं. आधी नळीत मोजून दारू, मग काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. गजाचा आवाज पहिल्यांदा भुसभुशीत यायचा आणि दारू नीट बसली की टणक व्हायचा. आजो कानानं ओळखायचा. शेवटी मागच्या निपलवर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी. पावसाळ्यात दारू सर्द झाली की नुसती केप फुटायची आणि डुकरं निवांत भात तुडवत राहायची. मला तो एकच वाक्य सांगायचा, "चेडवा, आदी बघ, मगे घोडो चढय." म्हणजे पोरी, आधी बघ, मग बंदुकीचा घोडा चढव.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी फौजेत, पोलिसांत, एनसीसीत, रेंजवर, शेतात बंदूक हाताळली असेल. बोअर आणि मॉडेल सांगाच, पण ती तुमच्या हातात कोणी दिली हेही सांगा. परवान्याचे नंबर आणि पत्ते मात्र लिहू नका.

निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये गेलो तेव्हा १८ वर्षांचा होतो. कोतातून, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतून, पहिल्यांदा मिळाली ती ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल, ईशापूरच्या कारखान्याची. वजन चार किलोच्या वर, २० राउंडची मॅगझीन. बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा नंबर, ६३. नातवंडांचे वाढदिवस मला विचारून सांगावे लागतात, पण हा नंबर झोपेतसुद्धा सांगेन.

तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला होता. बुटाची नाडी सुटली म्हणून मी रायफल झाडाला टेकवली आणि खाली वाकलो. वर बघतो तर रायफल गायब. आम्हाला शिकवणारे उस्ताद ती हातात घेऊन उभे. शांतपणे विचारलं, "बट नंबर?" मी सांगितला. मग रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मैदानाला किती फेऱ्या मारल्या ते मोजायचं भान नव्हतं. दंड लाकडासारखे झाले होते.

पण मला आठवते ती त्या दिवसाची रात्र. माझे हात थरथरत होते, फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, नळीत जाईना. तेच उस्ताद बॅरेकमध्ये आले, माझ्या शेजारी जमिनीवर बसले, चिंदी किती मोठी घ्यायची, तेल किती लावायचं, गॅस सिलिंडर कसा पुसायचा हे पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. नळी दिव्यापुढे धरून म्हणाले, "आत बघ. गोल उजेड दिसला की समज, साफ झाली." ते कोल्हापूरकडचे होते. पुढे कधी भेटले नाहीत.

नंतर इन्सास आली. ५.५६ ची, हलकी, खांद्याला धक्काही कमी. नव्या पोरांना मी तीच शिकवली आणि ती चांगलीच रायफल होती. पण एसएलआरचा तो खांद्यात बसणारा ठोसा, आणि तीनशे मीटरवर टार्गेटखालच्या खंदकातून मार्करचा झेंडा न हलता टार्गेट खाली जाणं, म्हणजे गोळी लागली, ही खुशी मला पुन्हा तशी मिळाली नाही. दसऱ्याला युनिटमध्ये शस्त्रपूजा व्हायची तेव्हा सगळ्या रायफली ओळीनं मांडलेल्या असत. मी न वाकता ६३ नंबर ओळखायचो. तिच्या बटावर खालच्या बाजूला आंब्याच्या कोयीएवढा डाग होता.

शिक्षिका, नगर

सुभेदार साहेबांच्या चिंदीनं मला थेट कॉलेजच्या एनसीसी कॅम्पात नेलं. आमची .२२ रायफल, २५ यार्डांवर टार्गेट, प्रत्येकीला पाच राउंड. घरी आईनं विचारलं होतं, "मुलींना कशाला लागतंय ते?" वडील काहीच बोलले नव्हते, फक्त सकाळी लवकर उठून मला एसटी स्टँडवर सोडायला आले होते.

पालथं झोपून नेम धरला. उस्ताद म्हणाले, श्वास अर्धा सोड, थांबव, आणि ट्रिगर ओढू नकोस, दाबत जा. पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा बसल्या. तो कागद आजही माझ्याकडे आहे.

त्या दिवसाचा खरा धडा मात्र नंतरचा. फायरिंग संपल्यावर खोखे, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, मोजले तर एक कमी. आम्ही तीस-बत्तीस मुली गुडघ्यांवर बसून गवत चाळत होतो. ऊन उतरलं, जेवण गार झालं. करंगळीच्या पेराएवढ्या एका पितळी नळीसाठी सगळा कॅम्प थांबला होता. शेवटी तो एका मुलीच्या दुमडलेल्या बाहीत सापडला. उस्तादांनी कुणालाही रागावलं नाही, रजिस्टरवर आकडा लिहिला आणि सही केली. मी वर्गात उत्तरपत्रिका मोजते तेव्हा प्रत्येक वेळी ते रजिस्टर माझ्या डोळ्यांपुढे असतं.

शेतकरी, भंडारा जिल्हा

आमच्याकडे आजोबांची दुनळी आहे, १२ बोअर, बर्मिंगहॅमची ग्रीनर. उजवी नळी मोकळी, डावीला चोक, म्हणजे तोंडाशी ती जराशी निमुळती. तिच्या बाजूच्या पट्टीवर बारीक वेलबुट्टी कोरलेली आहे, ती बोटानं चाचपत मी लहानपणी झोपायचो, अर्थात बंदूक उघडून, नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा दाखवल्यावरच आजोबा ती जवळ ठेवू देत.

ते तरुणपणी शिकार करायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि थांबले. कुणी त्यांना अडवायला आलं नव्हतं, तेच थांबले. म्हणायचे, सरकारनं सांगितलं ते जंगल मला आधीच सांगत होतं, हरणं दिसायची कमी झाली होती. त्यानंतर दुनळी वर्षातून दोनदा फक्त तेलपाण्यासाठी बाहेर निघायची. खडकीच्या कारखान्याची काडतुसं तशीच पेटीत राहिली, जुनी कागदी तर पावसाळ्यात फुगून नळीत जाईनात.

पुढे काकांच्या नावावर तीन बंदुका होत्या. २०१९ मध्ये कायदा बदलला, एका परवानेदाराकडे दोनच ठेवता येतात. तिसरी कोणती द्यायची? किमतीनं सगळ्यात महाग होती ती नवी रायफल. काकांनी तीच दिली. ग्रीनरनं गेल्या पन्नास वर्षांत एकही गोळी झाडलेली नाही, आणि तीच घरात राहिली.

निवृत्त पोलीस हवालदार, मुंबई

माझी थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ रायफल. बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. मॅगझीनमध्ये दहा राउंड. तिच्याबद्दल लोक आता जुनाट म्हणून बोलतात ते मला लागतं, कारण तिनं मला कधी दगा दिला नाही. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात चौपाटीवर सतरा-अठरा तास ती खांद्यावर होती. लहान मुलं यायची, बटाला हात लावून पाहायची.

पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री एके-४७ समोर तिचं वय सगळ्यांना कळलं. एक-एक गोळीसाठी बोल्ट ओढणारा माणूस आणि समोर सलग गोळ्या. त्यात रायफलीचा दोष नाही. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे साहेबांच्या हातात तर लाठीच होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून तो जिवंत पकडला गेला. साहेबांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. साताऱ्याचे, आधी फौजेत होते.

आवडतं शस्त्र कोणतं असं विचारलंत, तर मी थ्री नॉट थ्रीच लिहितो. पण हात आठवायचे असतील तर ते त्यांचे.

गृहिणी, संगमेश्वर तालुका

माझी आठवण गोड नाही. लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते. माझ्या माहेरी भरलेली ठासणीची बंदूक दाराआड उभी ठेवलेली होती, रात्री राखणीला जायचं म्हणून. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. वडिलांनी त्यानंतर बंदुकीला हात लावला नाही. भावानं मात्र डाव्या हातानं लिहायला शिकून दहावी काढली. वर ज्यांच्या घरी नळी रिकामी असल्याचं दोनदा दाखवायचे, त्या आजोबांचे मी मनापासून आभार मानते.

धागा सुरू करणारी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं. आजोचा नियम होता, भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत नाही. ठासणीची बंदूक काडतुसाच्या बंदुकीसारखी पटकन मोकळी करता येत नाही. म्हणून रात्री राखणीत डुक्कर आलंच नाही तर पहाटे तो परसाच्या कडेला, दरडीच्या दिशेनं बार काढायचा आणि मगच घरात यायचा. आम्ही पोरं त्या आवाजानं जागी व्हायचो. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

एका नेमबाज मुलीची आई, कोल्हापूर

आमची बंदूक लायसन्सवाली नाही, १० मीटरची एअर रायफल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, आणि टार्गेटवर दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. लेकीला सुरुवातीला रायफल क्लबचीच मिळायची, चार मुलींत एक. कॅनव्हासचं जाड जॅकेट घालून ती पाऊण-पाऊण तास नुसती उभी राहायची, गोळी न झाडता. याला होल्डिंग म्हणतात. मला वाटायचं, पैसे भरून उभं राहायला शिकवतात की काय. मग एकदा मी मागे बसून बघितलं. रायफलीचं टोक हळूहळू डुलायचं थांबत गेलं आणि माझ्या तेरा वर्षांच्या पोरीचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

या गावात हे वेड उगाच नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून करायच्या नेमबाजीत, जागतिक अजिंक्यपद जिंकलं, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण आणलं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन आला तेव्हा आमच्या गल्लीत टीव्हीपुढे बसलेल्या बायका प्रत्येक गोळीला श्वास धरत होत्या. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ऑलिंपिक पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. लेक त्या रात्री जेवली नाही, आरशापुढे जाऊन उभी राहिली. हातात रायफल नव्हती. नुसता होल्ड.

पुणे

माझी टिकल्यांची. लाल रोल, पत्र्याची बंदूक, दिवाळीची पहाट. तो वास. बंदूक दादानं स्वतःच्या पहिल्या पगारातून आणली होती. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

मिशिगन, अमेरिका

मी सांगलीचा, इथे वीस वर्षं. १५ नोव्हेंबरला इथे बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि गावाकडच्या कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. आपल्याकडे बेंदराला असेल तसं वातावरण. शेजारचे आजोबा मला पहिल्यांदा रानात घेऊन गेले ते त्यांच्या वडिलांची विंचेस्टर ९४ घेऊन, .३०-३०, खालचा लिव्हर ओढून गोळी भरायची. १८९४ सालचं डिझाइन. अंगात भगवं जॅकेट, कारण दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून दिसला पाहिजे.

आम्ही पहाटेपासून झाडाखाली बसलो. नऊच्या सुमाराला मादी आली, मागे पाडस. आजोबांनी लिव्हरला हात लावला नाही. दोन्ही जनावरं जाईपर्यंत आम्ही हललो नाही. परत येताना त्यांनी रायफल मोकळी केली, गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि मोजायला लावल्या. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलानं मला शिकारीला नव्हे, रायफल पुसायला बोलावलं होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पुसत होतो.

आंबा बागायतदार, राजापूर

धागा सुरू करणाऱ्या ताईंसाठी लिहितो. आमची परवान्याची बंदूक २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता लागली तेव्हा ठाण्यात जमा होती. ऐन भातकापणीचे दिवस. डुकरांनी दोन कुणगे लोळवले. मी रात्री डबे वाजवत बसलो होतो. मतदान झालं, निकाल लागला, मग पावती दाखवून बंदूक परत आणली. ठाण्यातल्या रॅकवर शंभरेक बंदुका उभ्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. माझी मी चिठ्ठी न वाचता ओळखली.

तुमच्या आजोबांची बंदूक जमा आहे म्हणजे गेलेली नाही. वारसाला स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, जुना परवाना, बाकीच्या वारसांची ना-हरकत, शेताचा सातबारा, आणि जमा केल्याची पावती लागेल. पावती आधी शोधा.

धागा सुरू करणारी

दादा, तुमचं वाचून रात्रीच काकाला फोन केला. पावती आजोच्या पेटीत होती, धोतराच्या घडीखाली, गजाच्या शेजारी. बंदूक जमा करताना गज घरीच राहिला होता. काका म्हणाला, अर्ज तूच कर, तुलाच ठासता येते. सातबारा सोमवारी काढते.